फुफीचे आठ गुंठे

दोन वर्षं झाली, माझ्या कपाटात एक कागद पडून आहे. दोन पानं टाईप केलेली, वर ठळक अक्षरांत ‘हक्कसोडपत्र’, खाली माझं नाव आणि नावापुढे सहीसाठी मोकळी जागा. कागद भाईने आणून दिला होता. काळाचौकीच्या आमच्या खोलीत चहा पिता पिता तो म्हणाला, “गावच्या घराचं छप्पर गेलंय. कर्ज काढायचं म्हटलं तर बँक म्हणते सगळ्या वारसांच्या सह्या आणा. तुझं नाव कमी झालं की एक अडचण कमी. जमीन काय, आपल्या दोघांचीच आहे.”

भाई वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते. १९८२ चा संप झाला तेव्हा तो सात वर्षांचा होता, मी तीन. अब्बांची गिरणी बंद पडली ती कायमची. त्यानंतर घर चालवायला त्याने दहावीपासून हातभार लावला. माझं बी.एड. झालं त्यात त्याच्या पगाराचा वाटा आहे. म्हणून मी पेन उचललंही होतं. तेवढ्यात तो सहज बोलून गेला, “फुफीनेही अशीच सही दिली होती. बहिणी देतातच.”

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “फुफीची सही मला बघायची आहे. मग मी देते.”

मला खरोखर फक्त बघायचीच होती. फुफीचं अक्षर मला माहीत होतं. लहानपणी तिची उर्दू पोस्टकार्डं यायची, बारीक, एकमेकांना चिकटलेल्या ओळींची. अब्बा गिरणीतून थकून यायचे आणि पुढे मी थोडी मोठी झाल्यावर ती कार्डं मलाच वाचायला लावायचे. मी आज उर्दू शिकवते त्याची सुरुवात शाळेत नाही, त्या पोस्टकार्डांवर झाली.

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. जानेवारी १९९३ मध्ये आम्ही काही दिवस चाळ सोडून नातेवाइकांकडे गेलो, तेव्हा अब्बांनी घरातलं दुसरं काही उचललं नाही. ही पेटी मात्र शेजारच्या काकूंच्या खाटेखाली नेऊन ठेवली. परत आलो तेव्हा काकूंनी ती तशीच, वर चादर टाकून, परत दिली. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. मला वाटायचं तिच्यात दागिने असतील. डिसेंबर २०१९ मध्ये जेव्हा मोहल्ल्या-मोहल्ल्यात लोक जन्माचे दाखले आणि बापजाद्यांचे कागद शोधू लागले, तेव्हा ती पेटी पहिल्यांदा माझ्यासमोर पूर्ण उघडली. आत भाडेपावत्या, गिरणीचं ओळखपत्र, रेशनकार्डाच्या जुन्या प्रती, फुफीची पोस्टकार्डं आणि घडी पडून फाटत आलेले सातबारे. भाईने सगळ्याचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवले. त्या वेळी आम्हाला एवढंच सिद्ध करायचं होतं की आम्ही इथलेच. कागदांत काय लिहिलंय, ते कोणी वाचलं नाही.

मुंबईतला आमचा पुरावा तसा लंगडा आहे. शहराची जमीन लॉटन साहेबाने १८६५ ते १८७२ या काळात मोजली, तेव्हापासून तुकड्या-तुकड्याचे नकाशे आहेत, नंबर आहेत. आमची चाळ ज्या तुकड्यावर उभी आहे त्यालाही परळ-शिवडी विभागातला कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर आहे. पण त्या नंबरासमोर नाव मालकाचं. आमचं नाव फक्त भाडेपावतीवर. माणूस साठ वर्षं एका खोलीत जगला, मेला, तरी जमिनीच्या कागदाला त्याचा पत्ता नाही. म्हणून अब्बांसाठी गावचे ते दोन एकर मोठी गोष्ट होती. “आपण खोतांच्या घरातले,” असं ते नेहमी म्हणायचे. चाळीत कोणी “तुम्ही मूळचे कुठले?” असं जरा वेगळ्या सुरात विचारलं की हे वाक्य हमखास यायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी परळ डेपोतून एसटी पकडली आणि मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावी गेले.

जुने कागद कसे शोधायचे हे मला माहीत नव्हतं. वाचून थोडं शिकले. अमेरिकेत लोकांना आपलं घराणं शोधायचा मोठा नाद. तिकडे इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातल्या कुटुंबाचा माग काढायचा असेल तर ते जन्ममृत्यूच्या नोंदींपेक्षा जमिनीच्या कागदांवर जास्त भिस्त ठेवतात. कौंटीच्या कचेरीत खरेदीखतांच्या जाड वह्या, त्यांना विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावांची सूची. जन्माची नोंद नसली तरी जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे मात्र लिहिलेलं असतं. बापाने मुलाला दिलेलं शेत, भावाभावांची वाटणी, शेजाऱ्याची साक्ष, यांवरून घराण्याची साखळी जुळवतात. मला वाटलं, मग आपलं काय वेगळं? आपल्याकडे तर तलाठ्याचं दप्तर आहे.

ज्यांनी कधी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये पीक काय. पण सातबारा फक्त आज कोण आहे ते सांगतो. तो कसा आला हे सांगतो गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे नंबर. एक फेरफार काढायचा, त्यात जुनं नाव सापडतं, मग त्या जुन्या नावाचा सातबारा काढायचा, त्यावर आधीच्या फेरफाराचा नंबर असतो. विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं एकेक पायरी खाली जायचं. अलीकडचे उतारे मोबाईलवर मिळतात. जुन्यासाठी तालुक्याला नक्कलेचा अर्ज करावा लागतो, आणि मग थांबावं लागतं.

पहिला फेरफार २०२१ चा. अब्बा मयत, वारस म्हणून अम्मी, भाई आणि मी. हा मला माहीतच होता. ‘मयत’ हा शब्द तेवढा अंगावर आला. आमच्या घरात हा शब्द लोक खांदा द्यायला निघतात तेव्हा ऐकू येतो, आणि इथे तो सरकारी शाईत. मग लक्षात आलं, हे सगळं दप्तरच माझ्या दोन्ही विषयांनी मिळून लिहिलेलं आहे. वारस, हक्क, मिळकत, कब्जेदार, दस्तऐवज, तहसील, जमाबंदी. मी सकाळी सातवीच्या वर्गात उर्दूत जे शब्द शिकवते तेच दुपारी मराठीच्या तासाला येतात, फक्त लिपी बदलते. जुन्या कागदांत तर हिंदू शेतकऱ्याचंही नाव ‘अमुक बिन तमुक’ असं लिहिलेलं. बिन म्हणजे अरबीतला मुलगा. बायकोची ओळख लिहिताना ‘कोम’, तोही आपल्याच ‘कौम’मधून आलेला. आमच्याकडे ‘वलद’. तलाठी भाऊसाहेबांना मी हे सांगितलं तर ते हसून म्हणाले, “मॅडम, आम्ही तीस वर्षं लिहितोय, कोणी सांगितलंच नाही.”

दुसरी अडचण नावांची. आजोबांच्या नावात ‘मुहम्मद’ आहे. ते मला महंमद, महमद, महामद, मोहमद आणि एका जागी नुसतं ‘मह.’ असं सापडलं. आडनाव १९५० च्या आधी जवळजवळ नाहीच. पाच माणसं आहेत की एकच माणूस, हे ठरवायला सर्व्हे नंबर कामी आला. माणसाचं नाव पाच प्रकारे लिहिलं गेलं, जमिनीचा नंबर मात्र एकच राहिला.

तिसऱ्या-चौथ्या पायरीवर अब्बांचं वाक्य कोसळलं.

१९६० च्या दशकातल्या एका फेरफारात आजोबांचं नाव होतं ‘कुळ’ म्हणून. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवली, ती हप्त्यांनी भरली, आणि ‘३२ म’चं प्रमाणपत्र मिळालं. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात आजही ‘कलम ४३ च्या निर्बंधास पात्र’ असं लिहिलंय. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. साध्या कुळासाठी किंमत आकाराच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत असायची. म्हणजे आमचे दोन एकर वाडवडिलांची जहागीर नव्हती. आजोबा दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते, आणि एका कायद्याने ती त्यांची झाली.

आणि मालकाच्या रकान्यात कोण? खोत. तेही आमच्याच मोहल्ल्यातले, आमच्याच जमातीचे.

कोकणात खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्या मधला माणूस. सरकारला ठरलेला सारा भरायचा, कुळांकडून वसूल करायचा, वरचं आपलं. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, प्रभू होते, आणि मुसलमानही होते. १८८० मध्ये इंग्रजांनी खोती कायदा करून त्यांचे अधिकार लिहून काढले. आमच्या तालुक्याशी तर या गोष्टीचं जुनं नातं आहे. बाणकोटचा किल्ला १७५६ मध्येच इंग्रजांच्या पदरात पडला, त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. आणि याच मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं मूळ सांगणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, १९५० पासून. शाळेत १४ एप्रिलला मी दरवर्षी भाषण करते. त्या भाषणात मी चवदार तळं सांगते, राज्यघटना सांगते. माझ्या आजोबांच्या दोन एकरांचा रस्ताही त्याच लढ्यातून गेला होता, हे मला चव्वेचाळीसाव्या वर्षी कळलं.

चाचांच्या माळ्यावर आणखी एक कागद निघाला, मोडीतला. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत असे व्यवहार मोडीत चालायचे. मला मोडी येत नाही. मुंबईला परतल्यावर एका निवृत्त गृहस्थांकडून वाचून घेतला. ती कबुलायत होती, पणजोबांनी खोताला लिहून दिलेली. पीक निघेल त्यातलं अर्धं खोताच्या घरी पोचवीन. अर्धेल. ते गृहस्थ वाचत होते आणि मी ‘आपण खोतांच्या घरातले’ हे वाक्य आठवत होते. अब्बा खोटं बोलत नव्हते. पणजोबा खरंच खोतांच्या घरी जायचे, अर्धं भात डोक्यावर घेऊन. दोन पिढ्यांत ‘घरी’चं ‘घरातले’ झालं. मुंबईत मुसलमान म्हणून मान खाली घालून राहावं लागतं अशी भीती असलेल्या माणसाने गावच्या कागदात थोडी उंची शोधली, यात मला त्यांचा राग आला नाही. मात्र सांगायची गोष्ट आता बदलली. खोताचा वारस असण्यापेक्षा हप्ते भरून जमीन आपली करणाऱ्या कुळाची नात असणं मला जास्त आवडलं.

पण मी गेले होते फुफीच्या सहीसाठी.

आजोबा १९७३ मध्ये गेले. त्या फेरफारात वारस नीट लिहिलेले आहेत: दादी, अब्बा, चाचा आणि फुफी. चारही नावं. मला बरं वाटलं. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी मुलींची नावं लागतच नाहीत असं वाचलं होतं. आमच्याकडे लागलं होतं.

मी शाळेतली बाई आहे, हिशेब करून पाहिल्याशिवाय राहवेना. बायकोला मुलं असताना आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन मुलगे आणि एक मुलगी म्हणजे पाच वाटे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. दादीला पाच गुंठे. उरले पस्तीस. एक वाटा सात गुंठ्यांचा. अब्बांना चौदा, चाचांना चौदा, फुफीला सात. सगळं पूर्णांकात. पुढे दादी गेली की तिचे पाच गुंठे पुन्हा त्याच रीतीने: दोन, दोन आणि एक. म्हणजे दर एकरात अब्बा सोळा, चाचा सोळा, फुफी आठ. फळ्यावर मांडायला इतकं सोपं उदाहरण मला पुस्तकातही मिळालं नव्हतं. दोन एकरांत फुफीचे सोळा गुंठे.

पुढचा फेरफार १९७४ चा. चार ओळी. फुफीने आपल्या जबाबात ‘मला जमिनीत हिस्सा नको, भावांची नावे ठेवावीत’ असं सांगितल्यावरून तिचं नाव कमी केलं. तालुक्याला अर्ज करून त्या जबाबाची नक्कल मागवली. ती यायला मे महिना उजाडला. खाली लिहिलं होतं: निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मी तो कागद उलटासुलटा करून पाहिला. दुसऱ्या कोणाचा असेल म्हणून नंबर तपासला, तारीख तपासली. फुफीचाच होता. ज्या बाईची पोस्टकार्डं वाचून मी अक्षर ओळखायला शिकले, ती या कागदावर निरक्षर होती.

चाचा आता सत्तरीच्या पुढे आहेत. ओसरीवर बसून मी त्यांना विचारलं. त्यांनी आधी टाळलं. मग म्हणाले, “तुझी फुफी सासरहून होडीने आली होती. चावडीत बसवलं. भावजी येणार होते, आले नाहीत. ती म्हणाली मी सही करते. कोणीतरी म्हणालं, उर्दू इथं कोण वाचणार, अंगठा दे, लवकर होईल. तिने दिला.”

“तिला वाचून दाखवलं होतं?”

“काय लिहिलंय ते सगळ्यांना ठाऊकच होतं.”

“तिला?”

चाचा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “दादीने तिला साडी दिली. आणि दरवर्षी एक पोतं भात द्यायचं ठरलं. तुझ्या अब्बांनी पुष्कळ वर्षं दिलं.”

ते मला माहीत होतं. पोस्टकार्डांत असायचं: भात पोचलं, अल्लाह बरकत दे. संपानंतर अब्बा गावी पैसे पाठवू शकले नाहीत, शेत पड राहू लागलं, नमुना बारामध्ये त्या वर्षांपुढे ‘पड’ असंच लिहिलेलं आहे. भात थांबलं. फुफीने एकदाही विचारलं नाही. ती मात्र दरवर्षी उन्हाळ्यात काळाचौकीला यायची, सोलं आणि फणसाची साठं घेऊन, आणि उंबऱ्याजवळच बसायची. अम्मी म्हणायची, आत या. ती म्हणायची, इथं वारा येतो. आमच्या चाळीत उंबऱ्याला वारा येत नाही.

तिकडच्या अमेरिकेतल्या कागदांबद्दल वाचताना एक गोष्ट लक्षात राहिली होती. नवऱ्याने जमीन विकली तरी तिच्यावर बायकोचा तहहयात एक तृतीयांशाचा हक्क असायचा. तो सोडून घ्यायचा तर कित्येक वसाहतींत अधिकारी तिला नवऱ्यापासून वेगळं बाजूला नेऊन विचारायचा, तू हे स्वखुशीने करतेस का? आणि तिचं उत्तर दस्ताखाली लिहिलं जायचं. ते किती खरं असायचं कोण जाणे. घरी परत त्याच नवऱ्याकडे जायचं असेल तर बाई काय वेगळं सांगणार? पण निदान प्रश्न विचारायची रीत होती. माझ्या फुफीला चावडीत कोणी बाजूला नेलं नाही.

मग मी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, फेरफार म्हणजे मालकीचा दस्त नव्हे. ती सरकारच्या वसुलीसाठीची नोंद, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो दस्त नोंदवावा लागतो. तसा नोंदवलेला दस्त आहे का? शोध घेतला. नव्हता. आणि १९८६ मध्ये दादी गेली तेव्हाच्या फेरफारात तर फुफीचं नावच नाही. दादीच्या हिश्श्यातली ती पुन्हा वारस होती. त्या वेळी तर कोणी अंगठाही मागितला नाही. नुसतं ‘दादीचे नाव कमी केले’ एवढंच.

इथपर्यंत मी रागात होते, आणि राग सोयीचा होता. अब्बांवर, चाचांवर, भाईवर. मी बहीण, फुफी बहीण, आम्ही एका बाजूला. मग एका रात्री वही काढून माझा स्वतःचा हिशेब केला.

अब्बांच्या नावावर आज चाळीस गुंठे आहेत. त्यात अम्मीचा आठवा, उरलेल्याचे तीन वाटे, दोन भाईचे, एक माझा. माझ्या वाट्याला पावणेबारा गुंठ्यांना थोडे कमी. आता त्या चाळिसातले फुफीचे आठ बाजूला काढले तर उरतात बत्तीस. माझा वाटा होतो सव्वानऊच्या थोडा वर. म्हणजे सव्वादोन गुंठ्यांहून जास्त जमीन, जिला मी ‘माझा हक्क’ म्हणत होते, ती फुफीची होती. भाईकडे तिचे साडेचारच्या वर, अम्मीकडे एक, माझ्याकडे हे. उरलेले आठ चाचांकडे. मी फुफीच्या बाजूला नव्हते. मीही तिची देणेकरी होते.

स्टाफरूममध्ये हे बोलले तेव्हा शेजारच्या बाई, सावंतवाडीकडच्या, गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “माझी सही झाली गेल्या वर्षी. भावाने घरी जेवायला बोलावलं, साडी दिली. १९९४ चा कायदा मला माहीत होता हो, मुलींना समान हक्काचा. पण माहेर तुटेल असं वाटलं.” चोळीबांगडीवर बहिणीची बोळवण करायची रीत कुठल्या एका धर्माची नाही. आपल्याकडे तर चौदाशे वर्षांपूर्वी हिस्सा ठरवून दिला, आणि आपण जुम्म्याच्या दिवशी त्याचा अभिमान सांगतो. “आमच्या धर्माने बाईला वारसा दिला,” हे वाक्य मी स्वतः कितीदा तरी वादात वापरलंय. घरचा फेरफार मात्र काढून पाहिला नव्हता.

भाईला मी सगळे कागद दाखवले. तो बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पन्नास वर्षं झाली. फुफी जाऊनही वीस वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार?” मी म्हटलं, “मला काही मिळणार नाही, माझे सव्वादोन गुंठे जातील. पण तिच्या मुलाला सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही.” तो उठून गेला. दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. ईदला आला, शीरखुर्मा प्यायला, मुलांना ईदी दिली, कागदाचं नाव काढलं नाही.

शेवटी आम्ही दोघं गेलो. एका रविवारी, मुंब्र्याला, फुफीच्या मुलाकडे. रिक्षात भाई एवढंच म्हणाला, “बोलायचं तू. तुला शिकवायची सवय आहे.” मी बोलले. कागद समोर ठेवले, एकरातले आठ गुंठे समजावून सांगितले. तो पन्नाशीचा माणूस, ड्रायव्हर आहे. त्याने जबाबाची नक्कल हातात घेतली आणि विचारलं, “हा अम्मीचा अंगठा?” त्याच्या बायकोने आतून एक जुनी वही आणून दाखवली, फुफीच्या हातचा घरखर्च, उर्दूत, शेवटच्या वर्षापर्यंतचा. आम्ही तिघंही ती वही वाचत बसलो. त्यातल्या एका पानावर अब्बांच्या भाताची नोंद होती, जमेच्या बाजूला.

त्याने जमीन मागितली नाही आणि नको असंही म्हटलं नाही. “बहिणींना विचारतो,” म्हणाला. त्याला दोन बहिणी आहेत. हे उत्तर मला आवडलं.

आज इतकंच झालंय. चाचांच्या मुलांशी बोलणं बाकी आहे, ते आखातात असतात, आणि त्यांना हे आवडणार नाही. गावच्या घराचं छप्पर तसंच आहे. या पावसाळ्यात त्यावर ताडपत्री घातली, पैसे मी दिले. कर्ज अडलंय आणि त्याला कारण मी आहे, हे भाई बोलून दाखवत नाही, पण मला दिसतं. अम्मी म्हणते, जिवंतपणी भाऊबहिणीत कागद आणू नका. मी तिला म्हणते, अम्मी, कागद होताच, आपण वाचला नव्हता.

तुमच्याही घरात अशी एखादी पेटी असेल. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती २०१९ मध्ये उघडली होती, आपण इथलेच हे दाखवायला. आता एकदा स्वतःसाठी उघडा. सातबाऱ्यावरच्या वर्तुळातले नंबर लिहून घ्या आणि एकेक फेरफार मागे जा. कुठेतरी एक ओळ सापडेल, ‘नाव कमी केले’. ते नाव कोणाचं, ते वाचा. ती बाई हयात असेल तर बरंच. तिला जाऊन विचारा, आणि विचाराल तेव्हा भाऊ समोर नसू दे.